लल्ला तूरिया साफी

१२ मार्च

दाक्तरीणबाईंनी सांगितलंय, रोज लिहा. अंगात वाफ कधी चढली, किती वेळ टिकली, आधी काय खाल्लं होतं, झोप कशी लागली. त्यासाठी त्यांनी वहीत चौकोनही आखून दिलेत. घरी येऊन मी ते चौकोन पाहिले, वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानापासून लिहायला बसले. माझं जे चाललंय ते चौकोनात मावणारं नाही.

त्या जे म्हणाल्या ते आधी लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. बाई तरुण आहेत, रबातला शिकून आल्यात. रक्ताचा कागद पाहिला आणि गोड हसून, लल्ला अशी मानाची हाक मारून म्हणाल्या, "लल्ला तूरिया, घाबरू नका. सिन अल-यास सुरू झालंय." आमच्या भाषेत पाळी जाण्याला दुसरा शब्दच नाही. निराशेचं वय! हा शब्द नक्की कुणातरी पुरुषाने काढला असणार. बाईने काढला असता तर सुटकेचं वय म्हणाली असती.

अब्देस्लामला सांगितलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून नवरोबांना घरात विनोद सुचायला लागलेत. "निराशेचं वय? माझं तर आपल्या लग्नाच्या दिवशीच सुरू झालं," म्हणाला. मी उशी फेकून मारली. मग त्यानंच चहा केला, पुदिना जास्त घालून. उशी मारली की चहा बरा होतो त्याचा.

येताना पाहिलं, मर्राकेशच्या रस्त्यांवरच्या कडू नारिंगांना कळ्या धरल्यात. दरवर्षी त्या पाहिल्या की मला लग्नघरात शिरल्यासारखं होतं. यंदा मान खाली घालून चालत राहिले.

१५ मार्च

आज कत्तारे बाहेर काढले. वर्षभर गोणपाटात झोपलेली तांब्याची भांडी, लिंबू-मीठ लावून घासली की नव्या नवरीसारखी उजळतात. खालच्या पोटात नारिंगाची फुलं आणि पाणी, वर डोक्यावर गार पाण्याचा टोप, मधला सांधा कणकेने लिंपलेला. खालून आच दिली की फुलांची वाफ वर चढते, गार डोक्याला टेकते आणि नळीतून थेंब थेंब होऊन बाटलीत उतरते. झालं फुलपाणी. लल्ला बतूल म्हणायच्या, "पोरींनो, खाली आग, वर थंडावा. उलटं झालं की घर पेटलंच समजा." माझं सध्या उलटं झालंय.

लल्ला बतूलच्या हाताखाली मी लागले तेव्हा अठरा वर्षांची होते. त्या आमच्या मुअल्लिमा, कत्ताऱ्यांच्या घराच्या मालकीणच म्हणा. पहिल्या दिवशी चुलीत मूठभर मीठ टाकायच्या, कोपऱ्यात साखर ठेवायच्या, धूप फिरवायच्या. आणि बाटली भरली की ती उजेडासमोर धरून, डोळे बारीक करून बघायच्या. आम्ही श्वास रोखून उभ्या. मग त्या म्हणायच्या, "साफी." पाणी नितळ आहे, आणि काम झालं, दोन्ही एकाच शब्दात. बाटलीपुढे तो शब्द फक्त मुअल्लिमानं उच्चारायचा. बाकी कुणाच्या तोंडून आला तर कान पिळला जायचा.

आता तो मी म्हणते, बारा वर्षं झाली. आम्ही बायकांनी सोसायटी केली, मतं घेतली आणि मी निवडून आले. आल्या आल्या पहिलं काम केलं ते एक जुना नियम मोडायचं. ज्या बाईची पाळी चालू आहे तिनं कत्ताऱ्याला शिवायचं नाही, बाहेर देठ खुडत बसायचं, म्हणजे पाणी नासत नाही, असा तो नियम. मुअल्लिमा म्हणून नेहमी पाळी गेलेलीच बाई. मी म्हणाले, पाण्याला काय कळतं बाईचं कॅलेंडर? तरुण बायांनी टाळ्या वाजवल्या. मबारकानं मात्र तोंड फिरवलं. ती आमच्यात सगळ्यांत थोरली, आम्ही तिला खालती म्हणतो, मावशी. बारा वर्षं दर मोसमाच्या पहिल्या बाटलीला ती हुंगते आणि म्हणते, "हं. ठीक आहे. पण लल्ला बतूलचं पाणी वेगळं होतं."

मोसम संपला की यंदा पुन्हा मुअल्लिमा निवडायची आहे. इक्राम तयारीत आहे, माझी नजर काही फुटलेली नाही. बत्तीस वर्षांची, हुशार, हात चपळ, बोलायला गोड. मी तिला शिकवलं. आता ती माझ्यामागे मागे फिरते आणि मी लावलेला प्रत्येक सांधा बोटाने चाचपून बघते.

१८ मार्च

पहिली फुलं आली. चादरीवर पसरली तेव्हा पोरी हसत होत्या, गात होत्या, आणि मी मधोमध माझ्या खुर्चीवर. ही खुर्ची मीच मध्ये आणली. लल्ला बतूल दाराजवळ मेंढीच्या कातड्यावर बसायच्या, तिथून त्यांना निम्मे कत्तारे दिसायचेच नाहीत. मला वाटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला बसतात. मला सगळं दिसलं पाहिजे.

सकाळी चुली पेटल्या आणि छातीपासून ती वाफ निघाली. मानेवर, कानांवर, टाळूपर्यंत. जणू मलाच कुणीतरी कत्ताऱ्यात घालून वरून कणीक लिंपली. घाम कपाळावरून डोळ्यांत. मी कुणाला दिसू नये म्हणून फुलांत तोंड खुपसून वास घेत असल्याचं दाखवलं. खालती मबारका माझ्याकडे बघत होती. तिची नजर घारीची.

त्यात कुणीतरी दार सताड उघडं टाकलेलं. वाऱ्याने आच हलते! मी ओरडले, "दार लावता येत नाही का? घरी आईनं शिकवलं नाही?" मी स्वतः उठून दार आपटून लावलं.

१९ मार्च

पुन्हा दार उघडं. माझ्या खुर्चीशी कुणीतरी पाण्याचा घडा आणून ठेवलाय. पाय अडखळला. उचलून कोपऱ्यात ठेवला.

२० मार्च

घडा पुन्हा खुर्चीशी. या घरात वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त म्हणून उरलेली नाही.

२३ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

खोलीत फुलांचा वास दरवळायला लागला की बाहेरच्या माणसाला वाटतं, वा! आमच्या धंद्यात तीच धोक्याची घंटा. वास खोलीत आला म्हणजे तो बाटलीत गेला नाही. डोक्यावरच्या टोपातलं पाणी कोमट झालं, वाफेला थंडावा मिळाला नाही आणि ती फटीतून पळाली. पोरीबाळींनाही कळणारी गोष्ट. आणि मी, जिच्या नाकाची ख्याती फेस शहरापर्यंत आहे, त्या वासात बसून आईचा विचार करत होते. आई पाहुण्यांच्या हातावर गुलाबदाणीतून फुलपाणी शिंपडायची, आणि कुणी बघत नसताना एक शिंतोडा माझ्या नाकावर. त्या नाकावरच्या गारव्यातच मी हरवले होते. टोपातलं पाणी बदलायचं साफ विसरले.

भानावर आले तेव्हा इक्राम माझ्या कत्ताऱ्यावर वाकून गार पाणी ओतत होती. गुपचूप. माझ्याकडे न बघता.

माझा तोल गेला. "माझ्या कत्ताऱ्याला शिवायचं नाही! कळलं? हात लावायचा नाही!" आणि मग मला रडू आलं, सगळ्यांसमोर. निदान शिव्यांना काही कारण होतं, रडण्याला काय?

खालती मबारका देठ खुडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "शिवायचं नाही म्हणायचं तूच बंद केलं होतंस ना गं, तूरिया?"

२४ मार्च

आज ऐकलं. ऐकायला नको होतं.

मी अंगणात डाळिंबाच्या झाडामागे तोंड धूत होते. इक्राम आणि नज़्हा भिंतीपलीकडे फुलं निवडत होत्या. नज़्हाचं बाळ अजून अंगावर पितं, तिचा आवाज नेहमी झोपाळू. ती म्हणाली, "काल काय झालं गं त्यांना?" आणि इक्राम म्हणाली, "काही नाही. लल्ला तूरिया आता साफी."

साफी. संपलं. पुरे. दिवसातून शंभरदा म्हणतो आम्ही. भाजीवाल्याला साफी, पोराला साफी, बिघडलेल्या दिव्याला साफी. आणि आता मला. जो शब्द मी तिला शिकवला, तोच.

पुढे नज़्हा हसली. काय बोलल्या ते ऐकायला मी थांबले नाही.

२६ मार्च

ठरवलं. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, कुणी माझं नाव घेण्याआधी, मीच उठून सांगणार. वाक्यही जुळवलं: "बायांनो, बारा वर्षं तुम्ही मला मान दिलात, आता माझे हात दमलेत." हात मुळीच दमलेले नाहीत. पण नाक, डोकं आणि जीभ तिघांनी एकदम बंड केलंय, हे काय सभेत सांगायचं?

अब्देस्लामपुढे म्हणून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "छान आहे. फक्त ते खरं वाटत नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मी पस्तीस वर्षं पत्रं वाटली तूरिया. पाकीट हातात घेतलं की कळायचं, बाई रडणार की हसणार. हे पाकीट रडणारं आहे."

मी त्याला म्हणाले, मग तू सांग मी काय करू. तो म्हणाला, कत्ताऱ्यांमधलं त्याला काही कळत नाही. त्यानं माझ्यासाठी वेगळी पातळ चादर काढून ठेवली आणि झोपला. या माणसाशी भांडताही येत नाही.

२९ मार्च

शुक्रवार. सुट्टी. कुसकुस केला, सात भाज्यांचा. जेवून गच्चीवर बसले.

लल्ला बतूलची आज फार आठवण आली. त्यांचे किती नखरे! शाल अंगावर घेतील, लगेच काढतील, पुन्हा मागतील. आम्ही पोरी कोपरखळ्या मारायचो: आली शाल, गेली शाल. मानेवर कायम ओला रुमाल. दाराजवळच्या त्या कातड्यावरून उठायच्या नाहीत, मग थंडी असो वा वारा. आणि ऐन कामाच्या रंगात एकदम टाळी वाजवून ओरडायच्या, "आच कमी करा! सगळ्या बाहेर!" आम्ही धावत डाळिंबाखाली. रांजणातलं गार पाणी, कुणीतरी आणलेली मसेमन, आमची घडीची पोळी, आणि मध. लल्ला बतूल झाडाशेजारच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसायच्या, चेहरा लालबुंद, आणि थोड्या वेळानं म्हणायच्या, "चला गं, फुलं वाट बघतायत." माझी पहिली मैत्रीण त्या झाडाखाली झाली. अब्देस्लामचं स्थळ त्या झाडाखालीच ठरलं. कुणाच्या नवऱ्यानं हात उचलला, कुणाचं पोर आजारी, सगळं तिथे कळायचं.

मी मुअल्लिमा झाले आणि ती सुट्टी बंद केली. मागणी वाढली होती. म्हातारपणीचा लहरीपणा, असं मी तेव्हा म्हणाले होते, आणि सोसायटीतल्या सगळ्यांना ते पटलं होतं. किंवा पटल्यासारखं त्यांनी दाखवलं.

आज ते पाणी प्यावंसं वाटतंय. घरी पाणी आहे, पण ते नव्हे.

२ एप्रिल

शर्गी सुटली. वाळवंटाकडून येणारा हा वारा एरवी उन्हाळ्यात येतो. यंदा लवकर. दारांच्या मुठी तापल्यात. झाडावरच्या उरलेल्या सगळ्या कळ्या एकदम फुटणार. उद्या फुलांचा डोंगर येईल, आणि फूल रात्र काढत नाही.

३ एप्रिल

बसून लिहितेय खरी, पण अंगात त्राण नाही. तरी लिहिते.

पहाटेपासून पोती यायला लागली. चादरी कमी पडल्या, मग पडदे पसरले, मग खालती मबारकानं स्वतःची शाल पसरली. आठही चुली पेटवल्या. आत तर हमामच. दार पुन्हा उघडं होतं. मी लावलं. आच हलून चालणार नव्हती. मनाशी म्हटलं, हा माझा शेवटचा मोठा दिवस. एकही पाकळी वाया जाऊ द्यायची नाही. जाताना निदान इतकं तरी म्हणतील.

दुपार व्हायला आली. पोरींचं गाणं कधी थांबलं ते कळलंच नाही. मला वाफ चढली, नेहमीसारखी, छातीपासून. मी खुर्चीचे हात धरले. आणि तेवढ्यात समोर नज़्हा दिसली. ती टोपातलं पाणी बदलत होती. चेहरा लाल, ओठ पांढरे, आणि तिनं एका हाताने भिंत धरलेली. मागच्या वर्षी मला हे दिसलं नसतं. दिसलं असतं तर मी म्हणाले असते, नज़्हा, पाणी सांडू नकोस. पण आज मला ते नुसतं दिसलं नाही, तर अंगातच कळलं. कारण माझ्याही डोळ्यांपुढे तसेच काजवे चमकत होते, कानात तसंच घूं घूं चाललं होतं. तिला आत्ता काय होतंय ते मला माझ्या कातडीवर कळत होतं.

तोंडातून काय निघतंय ते कळायच्या आत मी टाळी वाजवली. "आच कमी करा! सगळ्या बाहेर!"

इक्राम म्हणाली, "लल्ला, फुलं?"

"फुलं गेली खड्ड्यात. नज़्हाला धर."

तिनं धरलं तेव्हा नज़्हाचे पाय लटपटलेच होते. उचलून डाळिंबाखाली नेलं. रांजण होताच, कुणी भरून ठेवला होता देव जाणे. मी तिच्या मानेवर माझा ओला रुमाल ठेवला, मग माझ्या मानेवर दुसरा. बाकीच्या मातीतच फतकल मारून बसल्या. कुणी जिरं घातलेलं पाणी आणलं, कुणी संत्री सोलली. थोड्या वेळानं नज़्हा म्हणाली, "मला वाटलं तुम्ही रागवाल." बारा वर्षांत माझ्याविषयी हे एवढंच शिकल्या या पोरी?

मग मी काही हुकूम न देता विचारलं. "आता काय करू या गं? तुम्ही सांगा." हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं, कारण एकीनं मागे वळून पाहिलं, मी आणखी कुणाला विचारतेय का. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. निम्मी फुलं ओल्या चादरीत तळघरात ठेवायची. चार चुली आत्ता, चार ऊन उतरल्यावर. पाळीपाळीने बाहेर येऊन बसायचं. दार उघडं ठेवून चुलींपुढे पत्रा लावायचा, म्हणजे आच हलणार नाही. हे सगळं यांना ठाऊक होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

दोन पोती काळी पडली, फेकावी लागली. पण जे पाणी उतरलं ते चांगलं उतरलं.

एक गोष्ट मात्र लिहायची राहिली. आम्ही झाडाखाली बसलो होतो, मी खांबाला टेकून डोळे मिटले होते. तेव्हा खालती मबारका म्हणाली, "अगं बाई. लल्ला बतूल परत आली."

४ एप्रिल

मला बसून बसून आठवतंय आणि हसूही येतंय. शाल अंगावर, शाल खाली. ओला रुमाल. दाराजवळची जागा. ऐन रंगात "सगळ्या बाहेर!"

अगं माझ्या बाई! लल्ला बतूल, तुम्हालाही!

तुमच्या अंगात वाफ चढत होती, आणि तुम्ही ती लपवायला आम्हा सगळ्यांना घेऊन झाडाखाली जात होतात. की लपवायला नव्हे? तुम्हाला पाणी हवं असायचं म्हणून तुम्ही सगळ्यांनाच पाणी दिलंत. आणि आम्ही आली शाल, गेली शाल करत हसत होतो. आज तुम्ही असतात तर मी तुमचे हात चुंबले असते. कबरीवर जायला हवं, फुलपाणी घेऊन.

६ एप्रिल

आज इक्रामला एकटं गाठलं. मला सरळ बोलायचं नव्हतं, पण सध्या जिभेला लगाम नाही.

"मी साफी झाले म्हणालीस ना? ऐकलंय मी."

ती गोरीमोरी झाली. मग डोळ्यांत पाणी. "तुम्ही तेवढंच ऐकलंत?"

"पुढे काय होतं?"

"मी म्हणाले, लल्ला तूरिया आता साफी. नितळ. आधी तुमच्या चेहऱ्यावर काही दिसायचंच नाही. पाणी बिघडलं की नाही हे आम्हाला तुम्ही खुर्ची कशी सरकवता त्यावरून ओळखावं लागायचं. आता राग आला की राग दिसतो, रडू आलं की रडू. तळ दिसतो. नज़्हा हसून म्हणाली, बरंय बाई, आता घाबरायला कमी होतं."

मग विचारलं, "आणि माझे सांधे का चाचपतेस?"

"एक सुटलेला असतो कधीकधी. मी लिंपते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतंत." मग खाली बघत म्हणाली, "माझी आई शिवणाच्या कारखान्यात होती. तिला असंच व्हायचं. मुकादम सगळ्यांपुढे म्हणायचा, आली बघा चालती-बोलती शेगडी. एक दिवस ती घरी आली ती परत गेलीच नाही. आमच्या घरात कुणी तिला कधी खिडकीसुद्धा उघडून दिली नाही. मीसुद्धा."

"तुला मुअल्लिमा व्हायचंय की नाही? खरं सांग."

"व्हायचंय," ती म्हणाली. लाजली नाही. "पण तुम्ही पळून गेलात म्हणून नाही."

पळून! या पोरीची जीभ माझ्यापेक्षा लांब आहे. मी तिला घरी पाठवलं. मला अजून ठरवता येत नाही. राहिले तर हट्टाने राहतेय का? गेले तर भीतीने जातेय का? जुळवलेलं वाक्य मात्र आता मला पाठ म्हणता येत नाही.

१३ एप्रिल

मोसम संपला. सगळं लिहून मगच झोपणार.

शेवटची बाटली भरेपर्यंत आम्ही आतच बसलो. मसेमन, मध, चहा. खालती मबारका थोरली म्हणून तिनंच विचारलं, "बोला. पुढची तीन वर्षं कोण?" आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "माझं विचाराल तर तूरिया. आता कुठे ती खरी मुअल्लिमा झालीय. आता ती साफी, अंगानं शुद्ध. बारा वर्षं मी हिची वाट बघतेय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या मनात आलं, हा मान तर आयता आला. घ्यावा का? पण मग मागची बारा वर्षं मी नासलेलं पाणी विकलं की काय?

मी उठले. "खालती, मी आधीही शुद्धच होते. आणि दाक्तरीणबाई म्हणतात तशी निराशही झालेली नाही. मला फक्त गरम होतं." हे सगळ्यांपुढे पहिल्यांदा बोलले. काही कोसळलं नाही. एकीनं तर मान डोलावली, तीही पन्नाशीची आहे. "मी राहीन तुम्ही म्हणाल तर. पण मधल्या खुर्चीवर इक्राम बसेल. आठही कत्तारे तिच्या नजरेत. मी दाराजवळ. आणि डाळिंबाखालची सुट्टी पुन्हा सुरू."

"इक्राम?" खालती म्हणाली. "आणि तिची पाळी असली की?"

"तेव्हा ती मधोमध बसेल आणि चहा तुम्ही कराल."

अशा हसल्या सगळ्या की विचारू नका. खालतीसुद्धा, दात नसलेल्या बाजूने. हात वर झाले, सगळ्यांचे. इक्रामनं दोन्ही वर केले.

आणि तेवढ्यात आली. छातीपासून, मानेवरून, कानांवर. मी लपवली नाही. "अगं, उघडा गं ते दार कुणीतरी!"

कुणी उठलं नाही. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि नज़्हा डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवून हसत सुटली.

"ते उघडंच असतं, लल्ला," इक्राम म्हणाली. "त्याची कडी मीच काढून ठेवलीय, पहिल्या दिवसापासून. तुम्ही आपटून लावायचात, ते आपोआप उघडायचं."

मी जाऊन पाहिलं. कडीच्या जागी खिळ्यांची चार भोकं. महिनाभर मी पोरींना शिव्या घालत होते, दार लावत नाहीत म्हणून.

मेंढीचं कातडं कुणीतरी माळ्यावरून काढून झटकून दाराशी घातलंच होतं. मी बसले. अंगणातून वारा आला, डाळिंबाची पानं हलत होती. खालतीनं मोसमाची शेवटची बाटली आणून माझ्या हातात दिली. मी ती उजेडासमोर धरली, डोळे बारीक केले. पोरींनी श्वास रोखले. पाण्यातून पलीकडे सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

"साफी," मी म्हणाले.